प्रोजेक्ट 'डबा' : कामाच्या नोंदी

५ एप्रिल, शनिवार

नाव तूर्तास 'डबा', नंतर बदलू, आधी काम सुरू होऊ दे. काम असं की घरातल्या पाचही जणांनी जमेल तेव्हा एक चिठ्ठी लिहायची, त्या दिवशी घडलेली एकदम साधी गोष्ट, तारीख टाकायची, घडी घालायची आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. मधे कोणी वाचायचं नाही. तीन महिन्यांनी सगळ्यांनी बसून एकदम उघडायचा. मी नाशिकला अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे, दिवसभर रजिस्टरंच भरतो, म्हणून याचंही रजिस्टर ठेवतोय, सवय सुटत नाही.

आयडिया माझी नाही. हार्वर्डमधल्या टिंग झांग आणि तिच्या सोबतच्यांनी २०१४ मधे एक अभ्यास छापला. १३५ कॉलेजच्या पोरांना सुट्टी लागताना लिहायला सांगितलं, शेवटचं बोलणं कोणाशी काय झालं, सध्या कुठली ३ गाणी ऐकता, आपापसातला एखादा जोक, असलं किरकोळ. आणि विचारलं की हे पुन्हा वाचताना तुम्हाला किती उत्सुकता वाटेल. पोरं म्हणाली ठीकठाक. तीन महिन्यांनी खरंच वाचायला दिलं तेव्हा उत्सुकता त्यांच्या अंदाजापेक्षा बरीच जास्त निघाली. मला यात गंमत ही वाटली की माणसाचा अंदाज चुकतो तो मोठ्या गोष्टींचा नाही, फालतू गोष्टींचा.

घरात सांगितलं. बायको म्हणे "म्हणजे डायरीच ना?" आई म्हणे "मला कुठला वेळ, तुम्ही लिहा." बाबांनी पेपरमधून मान वर न काढता सांगितलं की ते त्यात लॉटरीचं तिकीट टाकतील. मुलगी (तिसरीत) मात्र तेवढ्यात डब्यावर स्टिकर चिकटवून मोकळी.

डबा फ्रिजवर ठेवलाय. पेन बाजूला.

८ एप्रिल, मंगळवार

अडचण आली. बायको दोन दिवस पेन हातात घेऊन उभी राहते आणि म्हणते आज काही झालंच नाही, काय लिहू. मुलगी उलट, रोज तीन-चार, आणि टाकायच्या आधी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवते, म्हणजे सिक्रेट राहिलंच कुठे. तिच्या चिठ्ठ्यांवरून कळलं की ती "आज खूप मज्जा आली" असंच लिहितेय. कशात मज्जा? तर "अशीच".

आमच्याकडे इन्स्पेक्शन रिपोर्टमधे दोन कॉलम असतात, निरीक्षण आणि शेरा. नवीन पोरं नेहमी शेरा आधी भरतात, "पार्ट ओके", आणि निरीक्षणाचा कॉलम कोरा. मग सहा महिन्यांनी कस्टमरची कंप्लेंट आली की त्या "ओके" वरून काहीच कळत नाही. तर फ्रिजवर कागद चिकटवला : काय झालं ते लिहा, कसं वाटलं ते नको. बायको म्हणाली घरात पण क्वालिटी आणलीस का. आणली.

१६ एप्रिल, बुधवार

सुट्टी टाकली होती, बँकेचं काम होतं, ते अर्ध्या तासात आटपलं म्हणून आईला घेऊन गोदाघाटावर बुधवारच्या बाजाराला गेलो. कित्येक वर्षांनी गेलो असेन. आम्ही सगळे आता कॉर्नरच्या गाडीवरून नाहीतर ॲपवरून भाजी घेणारे. ऊन असं की नऊ वाजताच घाटाची फरशी चपलेतून पोळायला लागली. द्राक्षं संपत आलीत, उरलेली घडातून सुटलेली मणी मणी ढिगाने विकत होते, आणि कैऱ्या आल्यात.

आईने मेथीच्या दोन जुड्या उचलल्या, एकीचा देठ मोडून बघितला, दुसरी परत ठेवली, तिसरी उचलली, पहिली परत ठेवली. भाजीवाल्या बाई शांतपणे बघत होत्या. मग आई म्हणाली "पंधराला दोन दे." बाई म्हणाल्या "आज्जी, तुमच्यासारखी चार गिऱ्हाइकं आली तर मला उद्या इथंच घाटावर वाटी घेऊन बसावं लागंल." आई म्हणाली "बस की, मी रोज येऊन रुपया टाकत जाईन." दोघी इतक्या हसल्या की बाजूचा लसूणवाला पण वळून बघायला लागला. शेवटी वीसला दोन आणि वर कोथिंबिरीच्या चार काड्या फुकट. म्हणजे भाव कोणीच कमी केला नाही पण दोघी जिंकल्या.

घरी येऊन हे लिहावं का असा विचार केला आणि पहिलं मनात आलं ते हेच की लिहायची काय गरज, हे लक्षात राहणारच आहे. नेमकी तीच गोची आहे ना. त्या अभ्यासाचा सगळा मुद्दा तोच, आपण समजतो राहील लक्षात. बिलाच्या मागे लिहून टाकली.

२७ एप्रिल, रविवार

मिसळ आणायला गेलो, लाइन होती, घरी आणेपर्यंत तर्री पिशवीत सांडली, वगैरे. ते चिठ्ठीत टाकलंय.

आजची नोंद बाबांच्या लॉटरीवर. राज्य लॉटरीचं तिकीट ते खूप वर्षं घेतात, एकदाही काही लागलेलं नाही, एकदा फक्त तिकिटाचे पैसे निघाले होते त्याची गोष्ट अजून सांगतात. मी त्यांना म्हटलं की लॉटरीवाल्यांचाही एक जुना अभ्यास आहे, १९७८ चा, ब्रिकमन आणि दोन सहकाऱ्यांचा, अमेरिकेतल्या इलिनॉयमधला. लॉटरी लागलेल्या २२ जणांना विचारलं की मित्राशी गप्पा मारणं, नाश्ता करणं, टीव्ही बघणं, जोक ऐकणं या रोजच्या गोष्टींत किती मजा येते. आणि तेच न लागलेल्या लोकांनाही विचारलं. तर लागलेल्यांनी कमी मार्क दिले. एवढा मोठा धमाका एकदा होऊन गेला की मग सकाळचा चहा फिका लागतो, असा त्यांचा तर्क.

बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "किती जण म्हणालास?" २२. "एवढ्याशा सॅम्पलवर तू कंपनीत लॉट पास करतोस का?" मुद्दा बरोबर होता. "मग एकदा लागू दे मला, मी चहा पिऊन स्वतः रिपोर्ट देतो."

आई आतून ओरडली, आधी समोरचा प्या, गार होतोय.

११ मे, रविवार

डबा थंड. मुलगी सुट्टीला मामाकडे निफाडला, ती नाही तर घरात कोणाला आठवणही होत नाही. पेन गायब होतं, शेवटी बाबांच्या शर्टाच्या खिशात सापडलं. खरं म्हणजे शंका तेव्हाच यायला हवी होती.

२५ मे, रविवार

अवकाळीने वैताग आणलाय. मे महिना आहे की आषाढ. मुलीला आणायला निफाडला गेलो तर मेव्हण्याचा उन्हाळ कांदा काढून शेतातच पडलेला, थोडा पोळ घालून झाकलेला, थोडा उघडा, आणि आम्ही जेवायला बसलो तेव्हाच आभाळ भरून आलं. मग कोणाचं जेवण आणि काय, सगळे ताडपत्र्या घेऊन पळालो. मी, बायको, मेव्हणा, त्याची बायको, म्हातारे मामंजी (बायकोचे बाबा) सुद्धा. वारा इतका की ताडपत्रीचं एक टोक धरलं की दुसरं उडायचं. मुलगी आणि तिचा मामेभाऊ टोकांवर दगड ठेवत होते आणि ठेवलेल्या दगडावर स्वतःही बसत होते, वजनाला. निम्मा झाकला, निम्मा भिजला. भिजलेला चाळीत टिकत नाही, सडतो आणि बाजूच्यालाही सडवतो, म्हणजे तो पडेल त्या भावाने विकायचा.

परत येताना गाडीत कोणी बोललं नाही. रात्री बायकोने विचारलं, हे डब्यात टाकायचं का? मला लगेच उत्तर देता आलं नाही. मी हा सगळा उद्योग साध्या आनंदासाठी म्हणून काढला, आणि भावाचं नुकसान झालं ते बिस्किटाच्या डब्यात टाकणं तिला चेष्टा वाटली असती तर? पण फ्रिजवरचा कागद सांगतो काय झालं ते लिहा. बरं झालं असेल तरच लिहा असं त्यावर नाही. तिने लिहिलं. काय लिहिलं ते मी बघितलं नाही.

१५ जून, रविवार

उद्या शाळा. वह्या-पुस्तकांना कव्हरं घालायचा कार्यक्रम, दुपारी दोनपासून. तयार चिकटवायची प्लॅस्टिकची कव्हरं मिळतात, आईला ती चालत नाहीत, खाकी कागदच हवा. आईची घडी घालायची पद्धत वेगळी, आधी पुस्तक उघडं ठेवून मधला कणा मोजते, नखाने कागदावर रेघ ओढते, मग कात्री. कात्रीने कापायचं काम मुलीला, लेबलवर नाव घालायचं काम बाबांना कारण घरात अक्षर त्यांचंच चांगलं. शेवटी खाकी कागदाचे तुकडे घरभर आणि प्रत्येकाच्या कोपराला डिंक.

निवृत्तीनाथांची पालखीही या आठवड्यात त्र्यंबकहून निघून नाशकातून पुढे गेली, आई दर्शनाला जाऊन आली, पायाला चिखल घेऊन आली. चिठ्ठीही टाकली म्हणे, स्वतःहून. मी काही बोललो नाही, बोललं की बंद पडतं.

२० जून, शुक्रवार

काल दिवसभर कोसळला. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, गोदावरीला पूर, रामकुंडावरची छोटी देवळं पाण्यात गेलीत. आणि नाशिककर जे करतात तेच सगळे करताहेत, पूर बघायला चाललेत. बाहेरच्यांना सांगून पटत नाही पण आमच्याकडे पूर आकड्यात मोजत नाहीत, नदीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. किती क्युसेक सोडलं हे बातम्यांत येतं, पण फोनवर प्रश्न एकच, मारुतीला कुठवर आलं? पाय बुडाले, कंबर बुडाली, छाती, गळा. १९६९ चा पूर बाबांनी लहानपणी बघितलाय आणि २००८ चा आम्ही सगळ्यांनी, त्यामुळे प्रत्येक पुराला तुलना ठरलेली, "हा काहीच नाही."

बाबा आणि शेजारचे काका संध्याकाळी बघून आले. जिना चढतानाच भांडण ऐकू आलं. काका म्हणतात कंबर, बाबा म्हणतात गुडघा. दोघांनी एकाच पुलावर एकाच वेळी उभं राहून बघितलंय. काकांनी मोबाईल काढला तर फोटोत गर्दीतल्या कोणाचं तरी डोकं आणि छत्री. त्यावरूनही ठरेना. काकू म्हणाल्या आता दोघं उद्या फूटपट्टी घेऊन जा.

बाबांनी चहा पण घेतला नाही, आधी फ्रिजकडे गेले आणि चिठ्ठी लिहायला बसले. म्हणजे पुरावा तयार करताहेत.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

उघडला.

वेळ दुपारची, खिचडी आणि भगर-आमटी खाऊन सगळे सुस्त, बाहेर रिपरिप. नियम ठरला की मुलगी चिठ्ठी काढेल, ज्याची असेल त्याने वाचायची नाही, शेजारच्याने वाचायची. मला वाटलं होतं अर्ध्या तासात संपेल. पावणेसातला आई म्हणाली अरे दिवा लावायचा राहिला.

पहिली निघाली आईची. "कुकरची रिंग बदलली. ९० रुपये. आता तिसऱ्या शिट्टीला डाळ शिजते." एवढंच. आणि सगळे फुटले. कारण त्या एका ओळीने पूर्ण एप्रिल परत आला, पंधरा दिवस ती कच्ची डाळ, रोज कोणीतरी कोणावर तरी चिडायचं, मी गॅसचा दाब कमी आहे म्हणून थिअरी मांडली होती, बायकोने डाळ बदलून बघितली होती. मग आईने दुकानातली गोष्ट सांगितली, जी चिठ्ठीत नव्हतीच. दुकानदाराने विचारलं कुकर किती लिटरचा, आईने सांगितलं "लग्नातला." दुकानदाराने एकदा आईकडे बघितलं आणि बरोबर साइझची रिंग काढून दिली.

मेथीवाली चिठ्ठी निघाली. वीसला दोन लक्षात होतं, वाटीचा जोक लक्षात होता, पण "बाजूचा लसूणवाला वळून बघायला लागला" हे मी साफ विसरलो होतो. आणि ते वाचल्यावर मला त्याचा चेहरा दिसला, हातात लसणाची गड्डी तशीच. गेल्या अडीच महिन्यांत मी त्याचा एकदाही विचार केलेला नाही.

बायकोची : "द्वारका चौकात ट्रॅफिक जाम. मी आणि शेजारच्या रिक्षावाल्याने एकाच वेळी जांभई दिली. मग दोघांनी दुसरीकडे बघितलं." मुलीची : "आजी दुपारी झोपली होती आणि उठल्यावर म्हणाली मी झोपले नव्हते." हिच्यावर आईने हरकत घेतली, रेकॉर्डवरून काढायची मागणी केली, फेटाळण्यात आली.

पण खरा बॉम्ब बाबांचा. ज्यांना यात काडीचा रस नव्हता त्यांच्या चिठ्ठ्या सर्वात जास्त निघाल्या, आणि सगळ्या एकाच विषयावर. आमच्या गल्लीत सकाळी येणारा भंगारवाला. बाबा गॅलरीत पेपर वाचत बसतात, तो खालून जातो, बाकी ओळख नाही. तारखेप्रमाणे लावल्या तर सिरीयल तयार झाली. "सकाळी ९:१०. भंगारवाला आला. आवाज बसलाय." मग "आजही बसलेलाच. हातानेच घंटा वाजवत गेला." मग "आला नाही." परत "आला नाही." नंतर "आला. आवाज सुटला. पूर्वीपेक्षा खर्जात." आणि जूनमधे, "त्याने रेकॉर्ड केलेला स्पीकर आणला. मजा गेली."

हसून हसून बायकोच्या डोळ्यात पाणी. बाबा मात्र सिरियस, म्हणे स्पीकरवर तो "लोखंड" शब्द लांबवत नाही, आधी लांबवायचा.

पुराची चिठ्ठीही निघाली, "मारुती. गुडघा. मी आणि ते दोघेही उपस्थित होतो." काकांना हाक मारून वाचून दाखवली. भांडण पुन्हा सुरू, अजून मिटलेलं नाही.

आता रजिस्टरसाठी लिहून ठेवतो ते. "छान वाटलं", "मस्त दिवस" छापाच्या चिठ्ठ्या निघाल्या त्या एकजात मेलेल्या. अक्षर ओळखू येतं, दिवस नाही. वाढदिवसाचं हॉटेलातलं जेवण, नवीन फ्रिज, या मोठ्या चिठ्ठ्याही कोणाला हलवू शकल्या नाहीत, कारण त्यांचे फोटो फोनमधे आहेतच आणि ते आपण तेव्हाच दहा जणांना पाठवून झालेलो असतो. झांगच्याच अभ्यासात एक भाग आहे, जोडप्यांकडून एका साध्या दिवसाचं आणि व्हॅलेंटाइन डेचं लिहून घेतलं होतं. पुन्हा वाचताना खास दिवसाची मजा अंदाजाइतकीच आली, साध्या दिवसाची अंदाजापेक्षा जास्त. आमच्या डब्यात तेच दिसलं, आणि हो बाबा, सॅम्पल पाचच जणांचं आहे.

आणखी एक. यातली एकही गोष्ट घडली तेव्हा आम्ही आनंदात वगैरे नव्हतो. कच्च्या डाळीत कसला आनंद? जाममधे जांभई देणारी बाई सुखी असते का? तेव्हा ते नुसतं घडत होतं. लोक सांगतात क्षणात जगा, क्षण अनुभवा, मला ते कधी जमलं नाही आणि आता वाटतंय त्याची एवढी घाईही नाही, क्षण जाऊ द्यावा, फक्त त्याची तारीख आणि किंमत लिहून ठेवावी.

कांद्याची चिठ्ठी मधेच आली. बायकोने स्वतःच वाचली. "निफाड. दादाचा कांदा भिजला. बाबांनी एका हाताने धोतर आणि एका हाताने ताडपत्री धरली होती. धोतर सुटलं तरी ताडपत्री सोडली नाही." जरा वेळ कोणाला हसावं की नाही कळेना. मग तिने सरळ दादाला फोन लावला आणि स्पीकरवर वाचून दाखवली. तिकडून आधी काहीच आवाज नाही. मग तो म्हणाला, "आणि तू ओरडत होतीस बाबा धोतर, बाबा धोतर, ते नाही लिहिलंस?" मग मागून मामंजींचा आवाज, काय चाललंय, कोणाचं धोतर. त्यांना पण वाचून दाखवावी लागली. कांद्याचे पैसे बुडाले ते बुडालेच, त्यात काही फरक पडलेला नाही, दादाने तेही सांगितलं, किती ते पण सांगितलं. पण फोन बराच वेळ चालला.

१२ जुलै, शनिवार

दुसरा लॉट सुरू. बदल : पेन दोरीने फ्रिजच्या हँडलला बांधलं. तारखेसोबत वेळही टाकायची, कारण बाबांच्या "९:१०" मुळे किती फरक पडला ते दिसलं. किंमत असेल तर किंमत, कोणी काही बोललं असेल तर जसंच्या तसं. मुलीने टाकायच्या आधी वाचून दाखवणं बंद (बघू किती दिवस टिकतं).

पोळ्यांना येणाऱ्या मावशींनी परवा विचारलं हे काय, आईने समजावलं, तर त्यांनी पण एक लिहून टाकली. मुलगी तेव्हापासून डब्याभोवती घिरट्या घालतेय, म्हणून झाकणाला सेलोटेप मारली आणि वरून फट पाडली.

दिवाळीला उघडू म्हटलं तर आई म्हणते फराळाच्या धबडग्यात जमणार नाही, भाऊबीजेला उघडा, निफाडचे पण असतील. ठरलं. मामंजींनी फोनवर सांगितलंय की त्यांची पण एक आणणार आहेत, आणि ती धोतरावर नसेल.

बाबांची एकच तक्रार आहे, कागद लहान पडतो. भंगारवाला आता पोराला सोबत आणायला लागलाय, आणि पोरगा स्पीकर बंद करून स्वतः ओरडतो, हे एका ओळीत कसं बसवायचं. त्यांच्यासाठी उद्या 'रविवार कारंजा' चौकातून फुलस्केपची वही आणायचीय.